आमदार बाबासाहेब: नाशिकमध्ये वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काळाराम मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह नाशिककराला माहीत असतो, येवल्याची धर्म सोडायची घोषणा माहीत असते, आणि तिथून गाडी डायरेक्ट संविधानावर जाते. मधे बारा-पंधरा वर्षं बाबासाहेब मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात बसत होते, बजेटवर भांडत होते, बिलं मांडत होते, हे सांगितलं की समोरचा म्हणतो, "काय सांगता, आमदार होते?" कोर्टातली ज्युनिअर पोरं, एमपीएससीवाले, पंचवटी बघायला आलेले पाहुणे, सगळे फिरून फिरून तेच विचारतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतोय.

बाबासाहेब खरंच आमदार होते का?

हो. दोन टप्प्यांत. १९२७ पासून ते मुंबईच्या लेजिस्लेटिव्ह कौन्सिलमध्ये होते, पण निवडून आलेले नाही, गव्हर्नरने नेमलेले. मग १९३७ साली परळ-भायखळ्यातून रीतसर निवडणूक लढवून असेंब्लीत आले आणि १९४२ ला व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये मजूर खातं घेऊन दिल्लीला गेले तोपर्यंत हेच चालू होतं. तेव्हा महाराष्ट्र राज्य नव्हतंच, मुंबई प्रांत होता, त्यात आपला नाशिक जिल्हा आला, गुजरात आला, कर्नाटकचाही काही भाग आला.

कौन्सिल म्हणजे विधान परिषद ना?

नाही, इथे बरेच जण घोळ करतात. १९१९ च्या कायद्याखाली प्रांतात एकच सभागृह होतं आणि त्याचंच नाव कौन्सिल. १९३५ चा कायदा आला तेव्हा मुंबईत दोन सभागृहं झाली, खालचं १७५ जागांचं असेंब्ली, आणि बाबासाहेब त्यात होते. म्हणजे आजच्या हिशोबाने विधानसभेचे आमदार म्हटलं तरी चालेल.

आधी वकिली किती केली? चालत होती का?

बॅरिस्टर १९२२ ला झाले, लंडनच्या ग्रेज इनमधून. १९२३ ला परत आले आणि मुंबई हायकोर्टात प्रॅक्टिस सुरू केली. सुरुवातीला हात तंगच होता, पारशी मित्र नवल भथेना यांची मदत झाली. आणि काम कुठून येणार? हायकोर्टात बॅरिस्टरला काम सॉलिसिटरकडून मिळायचं, आणि अस्पृश्य बॅरिस्टरला ब्रीफ द्यायला सॉलिसिटर लोक तयार नसत. मग जिल्ह्याच्या कोर्टातली कामं, गोरगरिबांचे खटले, आणि घर चालवायला बाटलीबॉयच्या अकाउंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवणं. ज्युनिअर पोरांनो, पहिली दोन-चार वर्षं पैसे नाहीत म्हणून रडताना हे जरा आठवा (आणि तुम्हाला निदान ब्रीफ नाकारताना कोणी जात तरी तोंडावर विचारत नाही, असं म्हणणार होतो, पण तेही खात्रीने म्हणवत नाही).

गाजलेले खटले कुठले?

दोन सांगतो. एक १९२६ चा, 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरचा खटला, ब्राह्मणेतर चळवळीतले जवळकर, जेधे, बागडे यांच्यावर बदनामीची केस होती, खालच्या कोर्टात शिक्षा झालेली, अपिलात बाबासाहेब उभे राहिले आणि सोडवून आणलं. त्यावरून नाव झालं. दुसरा १९३४ चा, संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्व्यांचा, लैंगिक प्रश्नांवर मासिकात उघड लिहिलं म्हणून अश्लीलतेची केस. ती हरले, कर्व्यांना दंड झाला. मला विचाराल तर हा हरलेला खटला जास्त मोठा आहे, कारण त्यात आपल्या समाजाचा काही संबंध नव्हता, लोकप्रियता मिळायची शक्यता शून्य, तरी घेतला. आणि चार वर्षांनी असेंब्लीत संततिनियमनाचा ठराव कोणी आणला? बाबासाहेबांच्याच स्वतंत्र मजूर पक्षाने. १० नोव्हेंबर १९३८, बाबासाहेबांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मांडला. तोही पडला.

गव्हर्नरने नेमलं म्हणजे सरकारचा माणूस झाला ना?

हा प्रश्न थोडा तिरका असतो, पण उत्तर द्यायला पाहिजे. तेव्हा मतदान सगळ्यांना नव्हतंच, जमीन महसूल किंवा टॅक्स भरणाऱ्यालाच, त्यामुळे दलित माणूस निवडून येणं जवळपास अशक्य, म्हणून नेमणूक. बाबासाहेबांबरोबर डॉ. पी. जी. सोळंकी होते. आता नेमलेला माणूस गप्प बसेल असं सरकारला वाटलं असेल तर पहिल्याच भाषणात तो गैरसमज दूर झाला. १८ फेब्रुवारी १९२७ ला शपथ आणि २४ तारखेला बजेटवर भाषण. मुद्दा असा की इन्कम टॅक्सवाल्याला ठरावीक उत्पन्नापर्यंत माफी, पण शेतकऱ्याची अर्धा एकर असो की शंभर एकर, पीक येवो न येवो, शेतसारा सगळ्यांना सारख्याच दराने, हा कुठला न्याय. निफाड-चांदवडच्या कुठल्याही शेतकऱ्याला आज वाचून दाखवा, तो म्हणेल बरोबर बोलला.

मग मार्चमध्ये शिक्षणाच्या खर्चावर बोलले. हिशोब काढून दाखवला की प्रांतात माणशी शिक्षणावर खर्च होतो चौदा आणे, आणि त्याच माणसाकडून दारूच्या करातून वसूल होतात दोन रुपयांच्या वर. निदान जेवढं दारूतून घेता तेवढं तरी शाळेवर घाला. अर्थशास्त्रात डॉक्टरेट केलेला वकील सभागृहात बसला की हे असं होतं, आधी आकडा, मग आवाज.

महाडच्या तळ्याचा आणि कायदेमंडळाचा काय संबंध?

सगळाच संबंध. ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले यांनी कौन्सिलमध्ये ठराव पास करून घेतला की सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. महाड नगरपालिकेने पुढच्या वर्षी चवदार तळं कागदावर खुलं पण केलं. पण कागदावर. मार्च १९२७ मध्ये बाबासाहेब हजारो लोक घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले, ते हा कागद खरा करायला. तारखा बघा, फेब्रुवारीत शपथ, मार्चमध्ये महाड. आपण रस्त्यावरचे बाबासाहेब आणि सभागृहातले बाबासाहेब वेगवेगळे करून ठेवलेत, पण त्या माणसासाठी ते एकच काम होतं, ठराव आत करायचा आणि अंमल बाहेर करून घ्यायचा.

डिसेंबरमध्ये परत सत्याग्रह ठरला होता, तर स्पृश्यांनी कोर्टातून मनाईहुकूम आणला, तळं खाजगी आहे म्हणून. लोक जमलेले, तापलेले. बाबासाहेबांनी तेव्हा तळ्यावर जाणं थांबवलं आणि केस लढायला घेतली. लोकांना पटवताना काय त्रास झाला असेल कल्पना करा. निकाल हायकोर्टातून १७ मार्च १९३७ ला लागला, अस्पृश्यांच्या बाजूने. जवळपास दहा वर्षं. आपल्याकडे दिवाणी दावा म्हटल्यावर लोक कपाळाला हात लावतात, तेव्हाही वेगळं नव्हतं.

काळारामच्या सत्याग्रहाच्या वेळी ते आमदार होते?

हो, कौन्सिलचे मेंबर होते आणि मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात काही काळ प्राध्यापकीही झाली होती, म्हणजे पोलिसांसमोर, कलेक्टरसमोर बसलेला माणूस कायदेमंडळाचा सदस्य होता. २ मार्च १९३० ला नाशिकमध्ये परिषद आणि मिरवणूक, दरवाजे बंद, दुसऱ्या दिवसापासून चारही दरवाज्यांवर तुकड्या बसल्या, पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ बाया. गांधीजींची दांडीयात्रा याच्यानंतर दहा दिवसांनी निघाली, हे शाळेत कोणी सांगत नाही. ९ एप्रिलला रामनवमीच्या रथावरून मारामारी झाली, दगडफेक झाली. सत्याग्रह मग मधेमधे थांबत, परत सुरू होत १९३५ पर्यंत चालला.

मग मंदिर उघडलं का त्यांनी?

नाही. १९३५ ला येवल्यात, १३ ऑक्टोबरला, धर्म सोडायची घोषणा झाली आणि तिथेच काळारामचा सत्याग्रह बंद करायचं ठरलं. मंदिरप्रवेशाचा कायदा मुंबई प्रांताने १९४७ मध्ये केला. येवल्याच्या आधीच, १९३४ मध्ये, बाबासाहेबांनी नाशिकचे सहकारी दादासाहेब गायकवाडांना पत्रात स्पष्ट लिहिलं होतं की मूर्तिपूजा करायला मिळावी म्हणून हा लढा नव्हता, आपल्या माणसांना त्यांच्या जागेची जाणीव व्हावी, अंगात बळ यावं म्हणून होता, आता ती ताकद राजकारण आणि शिक्षणाकडे वळवा. म्हणजे काळारामच्या पायरीवरून रस्ता असेंब्लीकडे निघतो, हे मी नाही म्हणत, पत्रच म्हणतंय.

१९३७ ची निवडणूक कशी झाली?

ऑगस्ट १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. नावात जात नाही, मजूर आहे, हे मुद्दाम. सतरा उमेदवार उभे केले आणि बहुतेक निवडून आले, काँग्रेसच्या लाटेत. स्वतः बाबासाहेबांसमोर काँग्रेसने कोण उभा केला तर पाळवणकर बाळू! क्रिकेटवाले लोक ऐका, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराच्या वर विकेट काढणारा डावखुरा स्पिनर, दलित समाजातला पहिला मोठा खेळाडू, तरुण बाबासाहेबांना ज्याचं कौतुक होतं तो. मतं १३,२४५ विरुद्ध ११,२२५. मार्जिन बघा, दोन हजार. आज महापालिकेच्या वॉर्डात पण कधी कधी यापेक्षा जास्त लीड निघतो.

नाशिकमधून कोण निवडून आलं?

दादासाहेब ऊर्फ भाऊराव कृष्णाजी गायकवाड, दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. काळाराम सत्याग्रहाचा सगळा कारभार यांनीच ओढला, बाबासाहेब मुंबई-लंडन करत असताना नाशिकची आघाडी हेच सांभाळत होते, आणि १९३७ ला स्वतंत्र मजूर पक्षाकडून असेंब्लीत गेले. वकील नव्हते, पण जमिनीचा आणि वतनाचा प्रश्न जेवढा यांना कळत होता तेवढा भल्याभल्या वकिलांना कळत नव्हता. १९३८ च्या जानेवारीत अस्पृश्यांना कायद्यातच 'हरिजन' म्हणायचं सरकारने ठरवलं तेव्हा दादासाहेब सभागृहात विरोधात बोलले आणि पक्षाने सभात्याग केला. पुढे १९५७ ला नाशिकचे खासदार झाले, १९५९ आणि १९६४ ला भूमिहीनांचे सत्याग्रह केले. नाशिकमध्ये त्यांच्या नावाचं सभागृह आहे, तिथे लग्नं-कार्यक्रम होतात, आणि आत जाणाऱ्या दहापैकी आठ जणांना हे कोण ते सांगता येत नाही. असो.

बाबासाहेबांनी स्वतः कुठली बिलं मांडली?

इथे थोडं थांबून वाचा, कारण मुद्द्याची गोष्ट ही आहे.

पहिलं महार वतन. मार्च १९२८ ला १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं. वतन म्हटलं की आजच्या पोराला वाटतं काहीतरी इनाम असेल, पाटीलकीसारखं. प्रत्यक्षात चोवीस तास सरकारी वेठ होती. दवंडी द्या, टपाल न्या, साहेब आला की पुढे पळा, बाप घरात नसेल तर पोराला न्या, आणि बदल्यात जमिनीचा तुकडा आणि गावाने दिलं तर बलुतं. नाशिक जिल्ह्यातल्या जुन्या माणसांकडून हे अजून ऐकायला मिळतं. बाबासाहेबांचं म्हणणं असं की ज्याला हे काम सोडायचंय त्याला पूर्ण सारा भरून जमीन ठेवू द्या आणि मोकळा करा, जे करतील त्यांचं बलुतं पैशात बदला आणि पगार ठरवा. बिल सिलेक्ट कमिटीकडे, म्हणजे सभागृहातल्या निवडक मेंबरांच्या समितीकडे गेलं, तिथे त्याचं जे काही झालं ते बघून त्यांनी १९२९ मध्ये परत घेतलं. वतनं शेवटी गेली १९५८ च्या कायद्याने. बाबासाहेब वारल्यावर.

दुसरं खोतीचं. १७ सप्टेंबर १९३७. कोकणात सरकार आणि कुळ यांच्यामधे खोत, तो वसूल करणार, त्याच्या मर्जीवर कुळाचं जगणं. बिल म्हणत होतं खोती रद्द करा, खोताला नुकसानभरपाई द्या आणि कसणाऱ्याला जमिनीचा हक्क द्या. इकडे बिल आणि तिकडे जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मुंबईत मोर्चा घेऊन कौन्सिल हॉलवर, त्यात शामराव परुळेकर पुढे. मोर्च्यात महार होते तसे कुणबी आणि आगरीही होते. तरी काँग्रेस सरकारने बिल पुढे जाऊ दिलं नाही. खोती गेली १९४९ च्या कायद्याने.

म्हणजे हिशोब काय, स्वतःच्या नावावर मांडलेली मोठी बिलं पडली किंवा लटकली, आणि नंतर दुसऱ्यांनी जवळपास तेच केलं. आमदाराचं प्रगतिपुस्तक "किती बिलं पास झाली" यावर लावणाऱ्यांनी बाबासाहेबांना नापास करावं लागेल, बघा जमतंय का.

एक तरी गोष्ट पास झाली की नाही?

बाळंतपणाच्या रजेचं बिल. ते यांनी मांडलेलं नव्हतं, पण जुलै १९२८ मध्ये जोरात पाठिंबा दिला. विरोधकांचं म्हणणं की गिरणीमालकावर बोजा पडेल. यांचं उत्तर, बाईच्या कामाचा फायदा मालक घेतो ना, मग बाळंतपणाचा भार थोडा त्यानेही उचलावा, आणि आईला विश्रांती मिळणं यात देशाचंच हित आहे. १९२९ मध्ये कायदा झाला, देशातला अशा प्रकारचा पहिला. अंबड-सातपूरच्या कंपनीत एखादी ताई मॅटर्निटी लीव्हवर जाते तेव्हा त्या रजेचं मूळ शोधत गेलं तर या चर्चेपर्यंत पोचतं.

कामगारांसाठी काही केलं का, की फक्त शेती?

१९३८ चं औद्योगिक तंट्याचं बिल. काँग्रेस सरकारने आणलं, त्यात सक्तीने तडजोडीची प्रक्रिया आणि तोपर्यंत संप केला तर गुन्हा. बाबासाहेबांनी सभागृहात फोडून काढलं, म्हणणं असं की संप म्हणजे नोकरीचा करार मोडणं, तो फार तर दिवाणी मामला, फौजदारी गुन्हा कसा करता, माणसाला मनाविरुद्ध काम करायला लावणं म्हणजे गुलामीच. हा शुद्ध वकिली मुद्दा आहे आणि मला तो त्यांच्या सगळ्या असेंब्लीतल्या भाषणांत भारी वाटतो. बिल पास झालंच. मग ७ नोव्हेंबरला एक दिवसाचा संप, त्यात कम्युनिस्टही बरोबर, ज्यांच्याशी एरवी यांचं पटत नसे.

मंत्र्यांच्या पगारावर पण बोलले होते म्हणे?

हो, ऑगस्ट १९३७. काँग्रेसने मंत्र्यांना पाचशे रुपये पगार ठरवला, त्यागाचं मोठं कौतुक. बाबासाहेब म्हणाले, एवढ्यात फक्त पैसेवालाच मंत्री होईल किंवा मग प्रामाणिकपणाला धोका आहे, लायक माणूस यायला हवा असेल तर नीट पगार द्या. टाळ्या मिळणार नाहीत हे माहीत असून बोलणं याला वेगळं काळीज लागतं.

आमदार असताना वकिली चालू ठेवली होती? आज चालते का?

चालू होती, आणि वर १९३५ ते १९३८ सरकारी लॉ कॉलेजचे प्रिन्सिपॉल. झोपायचे कधी कोण जाणे. आजचं विचाराल तर सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०१८ मध्ये निकाल दिलाय की आमदार-खासदार हे कोणाचे पगारी नोकर नाहीत, त्यामुळे बार कौन्सिलचा पगारी नोकरीबंदीचा नियम त्यांना लागत नाही, प्रॅक्टिस करता येते. तेव्हा सनद जाईल या भीतीने कोणी निवडणूक सोडू नका, सोडायची तर दुसरी पुष्कळ कारणं आहेत.

नाशिकमध्ये आणि आसपास काय बघता येईल?

काळाराम मंदिर तर आहेच, दर्शन झालं की लगेच बाहेर पडू नका, चारही दरवाजे फिरून बघा, कुठे तुकड्या बसल्या असतील त्याचा अंदाज येतो. मग येवला, जिथे धर्म सोडायची घोषणा झाली ती मुक्तिभूमी, नाशिकहून निफाड-विंचूर करत गाडीने दीड-दोन तास. १३ ऑक्टोबरला गेलात तर गर्दी असते, पण तीच बघण्यासारखी असते. मुंबईला गेलात तर अपोलो बंदरजवळ जुनी सेलर्स होमची बिल्डिंग आहे, आता तिथे पोलीस महासंचालकांचं ऑफिस, १९२८ पासून कौन्सिल हॉल तिथे होता. आत सोडत नाहीत, बाहेरून बघायचं.

भाषणं वाचायला कुठे मिळतील, सुरुवात कुठून करू?

महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांचं लेखन आणि भाषणं खंडांत छापलीत, त्यातल्या दुसऱ्या खंडात मुंबई कायदेमंडळातली भाषणं आहेत. इंग्रजीत आहे, जाड आहे, घाबरू नका, भाषा सरळ आहे. पहिल्यापासून वाचायला घेतलं तर तिसऱ्या दिवशी बंद पडेल. आधी १९२७ चं बजेटवरचं भाषण, मग महार वतन, मग औद्योगिक तंट्याचं. मधे मधे इतर मेंबर टोकतात आणि अध्यक्ष वेळ संपली म्हणून घंटी वाजवतात ते पण छापलंय, ते गाळू नका, कारण टोकल्यावर हा माणूस काय उत्तर देतो यातच अर्धी मजा आहे.